पोरांना हिशोब शिकवताय? वही सगळ्यात शेवटी काढा

पहिली-दुसरीचं पोरगं गणितात मागं पडतंय असं वाटलं की घरातले पहिल्यांदा वही उघडतात. उभी मांडणी, हातचा, उसना, सगळं एकदम सुरू. माझं म्हणणं उलटं आहे, आधी हात, मग तोंड आणि मग कागद. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर तर नजरेआडच असू दे, पुढं स्कॉलरशिपच्या पेपरला तो चालतच नाही.

सुरुवात दहाच्या जोड्यांनी करा. ७ ला किती दिले की १० होतात? ६ ला? जेवताना, गाडीवर, अंघोळ घालताना, कधीपण विचारायचं, उत्तर पटकन यायला लागेपर्यंत. मग ८ + ५ ला बोटं लागत नाहीत, पाचातले दोन आठाला दिले की दहा, उरले तीन, झाले तेरा. ज्याला हे जमत नाही त्याला हातचा शिकवून काय उपयोग नाही, ते नुसतं डोक्यावर १ लिहायला शिकतंय आणि का लिहिला विचारलं की गप्प.

दुसरी अडचण आकड्यांच्या नावांची. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी, म्हणून पोरं २५ चे ५२ करतात. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा दंगा झाला आठवतंय ना, जोकवर जोक, पण अडचण खरीच होती की. मी जुनी नावंच ठेवते, फक्त सुरुवातीला "पंचवीस म्हणजे वीस आणि पाच" असं दोन्ही म्हणवून घेते. आणि एकोणतीस, एकोणचाळीस ही नावं तर फुकटची मदत आहे, ४६ + २९ करायचं तर ३० मिळव, एक काढ, ७५.

वजाबाकीला खराट्याच्या काड्या घ्या, सारख्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करा. ४२ - १७ घ्यायचं, म्हणजे समोर चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. "मला आधी सात सुट्ट्या दे" म्हणायचं आणि गप्प बसायचं. पोरगं दोन देतंय, थांबतंय, तुमच्या तोंडाकडं बघतंय. काही बोलायचं नाही, इथंच मोठ्या माणसांचा धीर सुटतो. थोड्या वेळानं बहुतेक पोरं आपणच एका गठ्ठ्याचं रबर काढतात, हाच उसना. बारातल्या सात गेल्या, पाच उरल्या, तीन गठ्ठ्यांतला एक दिला, दोन उरले, पंचवीस. असं पाच-सहा दिवस चालू द्या, लिहायची घाई नको.

पुढचा धडा बाजारात. सांगलीत आठवडा बाजाराला गेलात की भाजीवाल्या मावशी सुट्टे कसे परत देतात ते पोराला नीट बघायला लावा. ६८ ची भाजी, शंभराची नोट, तर त्या वजाबाकी करतच नाहीत, "अडुसष्ट, दोन सत्तर, तीस शंभर" म्हणत हातावर ३२ ठेवतात. शून्यं असलेल्या आकड्यांतून उसने घेण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. तिथंच कृष्णाकाठची वांगी ८० रुपये किलो असली तर पावशेर कितीला, पाऊण किलो, सव्वा, दीड, अडीच कितीला, असं विचारत राहायचं. २०, ६०, १००, १२०, २००. जुन्या माणसांची पावकी, सवायकी, दीडकी, म्हणजे पावाचे, सव्वाचे, दीडाचे पाढे, ती हीच, तराजूसमोर लवकर डोक्यात बसते.

पाढे पाठ पाहिजेतच, त्यात माझी तडजोड नाही. पण बेपासून ओळीनं नको. आधी बे, दहा आणि पाच. मग चार, तो बेच्या दुप्पट, आणि आठ चारच्या दुप्पट. नंतर तीन, सहा, नऊ. सात शेवटी, कारण तोपर्यंत सात सत्ते एकोणपन्नास सोडून त्यातलं सगळं दुसऱ्या पाढ्यांत येऊन गेलेलं असतं. मोठा गुणाकार फोडून करायचा, २३ × ७ म्हणजे वीस सत्ते १४० आणि तीन सत्ते २१, झाले १६१. पंधरानं गुणायचं तर दहापट अधिक तिची निम्मी. तासगावकडची पोरं असली तर बेदाण्याचा हिशोब घाला, १५ किलोचा एक बॉक्स धरला तर १८ बॉक्सचे १८० आणि ९०, २७० किलो.

उत्तर बरोबर का ते तुम्ही सांगू नका, नवाचा ताळा शिकवा, म्हणजे अंकांची बेरीज करून उत्तर तपासायचं. वरचंच २३ × ७ घ्या, २३ चे अंक मिळवून ५, त्याला सातनं गुणून ३५, परत मिळवून ८. इकडं १६१ चे पण ८. जुळलं. फक्त हा ताळा आकड्यांची अदलाबदल पकडत नाही, ११६ लिहिलं तरी ८ च येतात, म्हणून आधी अंदाज बोलून घ्यायचा, नुसते वीस सत्ते १४० होतात, मग उत्तर ११६ कसं येईल?