पेटीवाल्या हातासाठी कीबोर्डचा टच कसा लावावा

आपल्याकडे कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. आणि तो वाजवणारा हात बहुतेक वेळा भजनाच्या पेटीवर तयार झालेला असतो. पेटीत आवाज भात्यावर चालतो, पट्टी हळू दाबली काय अन् जोरात काय. कीबोर्डवर पियानो लावला की मात्र बोटाचा वेग मोजला जातो. पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिल्यानंतर दुसरा जितक्या लवकर जुळेल, तितका आवाज मोठा. हीच व्हेलॉसिटी, मिडीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सामाईक भाषेत, तिचा आकडा १ ते १२७ असतो. मग भजनात एक सूर दचकवतो, दुसरा ऐकूच येत नाही, आणि बोलणी खातो माइकवाला.

आधी पियानोचा आवाज निवडा. ऑर्गनसारख्या आवाजांवर सहसा टचचा फरक पडत नाही, त्यावर तपासून काही कळायचं नाही. ताल बंद करा, व्हॉल्यूम अर्ध्यावर आणा आणि पुढे त्याला हात लावू नका.

आता फंक्शन किंवा सेटिंगमध्ये ‘टच रिस्पॉन्स’ शोधा. सॉफ्ट, मीडियम, हार्ड, फिक्स्ड असे पर्याय असतात. काही मॉडेलांत नुसते आकडे आणि ‘ऑफ’. इथे हमखास गोंधळ होतो: सॉफ्टवर आवाज हळू येत नाही, उलट हलक्या बोटालाही मोठा येतो. हार्डवर मोठ्या आवाजासाठी जोर लावावा लागतो. फिक्स्डवर सगळे सूर सारखे.

मीडियमवर सा ते प तीनदा वाजवा: हळू, नेहमीसारखं, मग जोरात. करंगळीकडे लक्ष द्या, ती नेहमी कमी पडते. हळू वाजवताना सूर हरवत असतील तर सॉफ्ट घ्या. नेहमीच्या हातानेच आवाज टोचत असेल तर हार्ड.

माझं मत विचाराल तर खंजेरी भजनाला पेटीवाल्याने सरळ फिक्स्ड लावावं. शिकणाऱ्या पोरांना मात्र ते देऊ नका, बोटं आळशी होतात. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकातही फिक्स्ड चालत नाही: संवादामागचे सूर दबके हवेत आणि एंट्रीचे दणकट. शिवाय मंडईच्या, म्हणजे तिकडच्या गावजत्रेच्या, गर्दीत, शेजारी ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) सुरू असताना, हात आपोआप जड पडतो. घरी सॉफ्ट बरं वाटलं असेल तर तिथे मीडियमवर या.

लाइन गेली की काही कीबोर्ड लावलेलं विसरतात. एकदा बंद-चालू करून बघा. विसरत असेल तर रोज वाजवण्याआधी तपासा.

सगळं करूनही एखादीच पट्टी किंचाळत असेल किंवा मुकी राहत असेल, तर सेटिंगशी झगडू नका. तो बहुधा संपर्कात बसलेल्या धुळीचा प्रताप असतो. कीबोर्ड खोलणाऱ्या कारागिराकडून पट्टीखालचं संपर्काचं रबर साफ करून घ्या.