उसिंग चेंबरवर बसण्याआधी

पशुवैद्यकाची पदवी हातात पडली की बहुतेकांना सर्जरी नाहीतर मेडिसिन हवं असतं. फिजिऑलॉजी म्हणजे नुसती घोकंपट्टी, असा समज. मी त्यातच पीएचडी केली, तीही गायीच्या कोटीपोटाच्या (रुमेन, पोटाचा सर्वात मोठा कप्पा) अस्तरावर. या वाटेला येऊ पाहणाऱ्यांसाठी थोडं लिहितेय.

विषय गोठ्यातलाच आहे. लग्नातलं उरलेलं अन्न किंवा पोतंभर धान्य गायीनं फस्त केलं की कोटीपोटात लॅक्टिक आम्ल साठतं आणि सामू घसरतो. अशी केस इंटर्नशिपमध्ये कुणी पाहिली नाही असं होत नाही. अशा वेळी अस्तराच्या पेशींना एकमेकींशी घट्ट शिवणारी क्लॉडिन, ऑक्लुडिन ही प्रथिनं सैल पडतात का, जिवाणूंची विषं त्यातून आत झिरपतात का, हा आमचा प्रश्न.

मोजायचं साधन उसिंग चेंबर: ऊतकाचा तुकडा दोन द्रावणांच्या मध्ये बसवून त्याचा विद्युतरोध मोजायचा; अस्तर सैल पडलं की रोध घटतो. डेन्मार्कच्या हान्स उसिंग यांनी बेडकाच्या कातडीवर ते वापरलं. झेरान यांच्यासोबतचा त्यांचा १९५१चा पेपर आधी वाचा, क्लॉडिन नंतर.

खरी परीक्षा हातांची. कत्तलखान्यातून तुकडा कोमट बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) आणायचा, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे चालू ठेवायचे. मग स्नायूचा थर बोटांनी सोलायचा. तो सुटला की खाली उरतं ते दाट अंकुरांचं, पातळ, ओलसर अस्तर. चेंबरच्या दोन अर्धांमध्ये बसवताना त्याची कड चिरडली तर विद्युतरोध उगाचच कमी दिसतो आणि तुम्ही तपासत असलेल्या औषधाला दोष देत बसता. रोधाचा आकडा ओहम गुणिले चौरस सेंटीमीटर असा लिहायचा. क्षेत्रफळानं गुणायचं, भागायचं नाही! शेवटी फोर्स्कोलिनसारखं पेशींना चेतवणारं काही घालून ऊतक जिवंत होतं ना, हेही तपासायचं.

संख्याशास्त्राचं आधीच सांगते: एका गायीचे आठ तुकडे म्हणजे आठ गायी नव्हेत. नमुना एकच.

पेशीसंवर्धन सोपं वाटतं, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या एमडीसीके पेशींचा एकपदरी थर कोटीपोटाच्या बहुपदरी अस्तराची जागा घेत नाही. म्हणून गाइड निवडताना प्रकाशनांची यादी बघाच, पण कत्तलखाना लॅबपासून किती लांब आहे आणि तिथून ऊतक आणायची परवानगी कुणाच्या नावावर आहे, तेही विचारा.