सोन्याचे नॅनोकण: डार्कफील्डमधला ठिपका एसईएममध्ये शोधताना

अडचण अशी होती की डार्कफील्डमध्ये (काळ्या पार्श्वभूमीवर कण चमकते ठिपके दिसतात असा प्रकाशाचा मायक्रोस्कोप) ज्या ठिपक्याचा स्पेक्ट्रम (कोणत्या रंगाचा प्रकाश किती येतो त्याचा आलेख) घेतला, नेमका तोच कण एसईएममध्ये (इलेक्ट्रॉनच्या झोताने चित्र काढणारा मायक्रोस्कोप) सापडत नव्हता. तो सापडायलाच हवा. ०.९ एनएच्या (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाला, सुमारे ३५० नॅनोमीटरच्या आतले दोन कण एकच ठिपका दिसतात, आणि जोडकणाचा स्पेक्ट्रम एकट्या कणाच्या नावावर जमा होतो.

एसईएममध्ये साध्या काचेवर चार्ज साठून चित्र सरकतं, म्हणून आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइड, वीज वाहणारा पारदर्शक पदार्थ) लेप असलेली काच घेतली. लेपाची बाजू मल्टिमीटरने ओळखायची: तिथे रीडिंग येतं, उलट बाजूला काहीच येत नाही. लेपावर खूण म्हणून हिऱ्याच्या टोकाने इंग्रजी ‘एफ’ (F) कोरायचा. फुली नको. इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपमध्ये चित्र आरशातल्यासारखं उलटतं, ते फुलीवरून कळत नाही; खरा घोळ तिथेच होता. कोरल्यावर काच असिटोन आणि आयसोप्रोपेनॉलमध्ये प्रत्येकी १० मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये धुवायची, नाहीतर काचेचा चुरा कणांसारखाच चमकतो.

कण विरळ टाकायचे. एका रेषेत नसलेले तीन ठळक ठिपके दोन्ही चित्रांत जुळले की बाकीचे गणिताने सापडतात.

क्रम मात्र पक्का: आधी प्रकाश, मग इलेक्ट्रॉन. बीमखाली कणावर कार्बनचा थर बसतो, भोवतालचा अपवर्तनांक वाढतो आणि स्पेक्ट्रमचं शिखर लाल बाजूला सरकतं. पुण्याच्या पावसाळ्यात नमुना रात्रभर सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवूनच एसईएमच्या व्हॅक्यूममध्ये घालावा. फोकस शेजारच्या कणावर करायचा, हव्या त्या कणावर फक्त एक स्कॅन.