आई-बाप फडात, लेकरं गावात: हे जमवायचं कसं

पोळा झाला की कामाला लागा. दसऱ्याची वाट बघू नका. दसऱ्यापर्यंत ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घराघरात पोचलेली असते, कोणत्या कारखान्याला जायचं ते ठरलेलं असतं, आणि लेकरू सोबत न्यायचं हेही आईनं मनाशी पक्कं केलेलं असतं. एकदा बिराड गाडीत चढायला लागलं की मग कुणी कुणाचं ऐकत नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातली. लग्न झालं त्याच साली हातात कोयता आला, आणि माझं थोरलं लेकरू पाचटाच्या ढिगाला टेकून बसायला शिकलं. आता गावातच असते, बचत गट सांभाळते आणि शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. आमच्या बालाघाटाच्या डोंगरातली माणसं दिवाळीच्या आगंमागं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलात पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यामागं लेकरं. शाळेत जायच्या वयाची पोरगी फडावर, म्हणजे उसाच्या रानात गेली की तिथं कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. परत येते तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. म्हणून लेकरं गावातच ठेवायची. हंगामी वसतिगृह, म्हणजे तोडीच्या महिन्यांत गावच्या शाळेतच सकाळ-संध्याकाळचं जेवण आणि झोपायला घरी, हे त्यासाठी सरकारचं साधन आहे, पण नुसत्या मंजुरीच्या कागदानं लेकरू गावात राहत नाही. ते राहतं घरातल्या म्हाताऱ्या आजीच्या जिवावर. सगळं काम तिच्यापासून सुरू करा.

यादी घरात बसून करा

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय काढून ठेवायचा, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा. पण खरी यादी ग्रामसभेत होत नाही. तिथं चार माणसं बोलतात आणि बाया मागं बसून ऐकतात. दिवेलागणीनंतर घरोघर जा, माणसं तेव्हाच सापडतात. एकटं जाऊ नका. अंगणवाडीताई किंवा आशाताईला सोबत घ्या, त्यांना प्रत्येक घरातलं लेकरू आणि त्याचं वय तोंडपाठ असतं.

वहीत काय लिहायचं? लेकराचं नाव, वय, इयत्ता. आई-बाप कोणत्या कारखान्याला, कोणत्या गटाला चालले. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीत का बैलगाडीवर, कारण बैलगाडीवाल्यांचं बिराड एका जागी जास्त टिकतं आणि त्यांचा पत्ता सापडतो. आईचा फोन, बापाचा फोन, आणि मुकादमाचाही फोन. आई-बापाचा फोन बॅलन्स संपून बंद पडतो, मुकादमाचा सहसा पडत नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: रात्री हे लेकरू कुणाजवळ झोपणार. तिथं "आजी" एवढंच लिहून चालणार नाही, माणसाचं नाव पाहिजे. तो रकाना रिकामा राहिला तर समजा, ते लेकरू गाडीत बसणार.

म्हातारीचं आधी ऐकून घ्या

शाळेतले गुरुजी आई-बापाला समजावतात, शिक्षणाचं महत्त्व सांगतात. आई-बापाला ते माहीत असतंच हो! नको म्हणते ती आजी, आणि तिच्याकडं कारणं असतात. गुडघे गेलेत, मोतीबिंदू पिकलाय, हंडा उचलत नाही, बीपीची गोळी आणायला कुणी नाही. आणि जे ती हळूच सांगते ते हे: "पोरगी मोठी झालीय बाई, उद्या काही झालं तर मला जाब विचारतील."

ही कारणं एकेक करून मोकळी करायची. पाण्याचं काम शेजारच्या घराला द्या. उपकेंद्रातून गोळ्या आणायचं काम आशाताईकडं. मोतीबिंदूचं शिबिर कधी लागतंय ते विचारून दसऱ्याच्या आधीच म्हातारीला नेऊन आणा, हंगाम सुरू झाल्यावर तिला पट्टी बांधून बसता येत नाही. तिला स्पष्ट सांगा की सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहात, दुपारचं शाळेत, तुझ्याकडं फक्त रात्र. एवढं ऐकल्यावर निम्म्या आज्या तयार होतात.

उरलेल्यांसाठी आम्ही जोडघर ठरवतो. गावात काही घरं अशी असतात जी ऊसतोडीला जात नाहीत. कुणाला थोडी बागायत, कुणाचं किराणा दुकान, कुणाची नोकरी. अशा एका घराला दोन-तीन म्हाताऱ्यांची घरं जोडून द्यायची, आणि ती त्याच गल्लीतली असली पाहिजेत. रात्री लेकराला ताप चढला, विंचू चावला, तर म्हातारीनं कुणाचं दार वाजवायचं हे आधीच ठरलेलं असावं. जोडघराच्या बाईनं झोपायच्या आधी एक चक्कर मारायची आणि म्हातारीशी दोन शब्द बोलायचे. याला पैसा लागत नाही. मात्र ज्या घराचं भावकीत भांडण आहे ते जोडू नका. गावात भांडणं कुणाकुणाची आहेत हे तुम्हाला माहीत असतंच, तेवढं ध्यानात ठेवून घरं लावा.

तांड्यावरची आणि वस्तीवरची लेकरं वेगळी विचारात घ्या. संध्याकाळी जेवून अंधारात माळावरून परत जायचं म्हणजे पोरी येणं बंद करतात. शक्य असेल तर तिथलंच एक घर धरून जेवणाचा डबा तिकडं पोचवा.

कागद आणि कोठी

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, लेकरांची यादी, स्थलांतराची माहिती, हे सगळं मुख्याध्यापकांच्या सहीनं केंद्रप्रमुखाकडं आणि तिथून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्याकडं जातं. निकष आणि नमुने बदलत राहतात, त्यामुळं गेल्या सालचा अर्ज झेरॉक्स करून देऊ नका, चालू सालचं पत्र मागून घ्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं या समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या बाया असतात. आमच्यासारख्या गावात त्यातले बरेच पालक स्वतःच तोडीला जातात. म्हणून समिती करतानाच मागं राहणारे काही पालक घ्या, नाहीतर डिसेंबरात सहीला माणूस मिळत नाही.

मंजुरी उशिरा येते, अनुदान त्याहून उशिरा. लेकराला भूक मात्र गाडी गेली त्याच संध्याकाळी लागते. म्हणून सुरुवातीची कोठी गावानं भरायची. आई-बाप जातानाच प्रत्येक लेकरामागं ठरलेली ज्वारी देऊन जातात, उचल हातात असते तेव्हा द्यायला जड जात नाही. बागायतवाल्यांकडून भाजी, बचत गटाकडून तेल-मिठाची उसनवार. किराणावाल्याशी बोलणं समितीनं करायचं, एकट्या गुरुजीवर उधारी टाकू नका. गुरुजींची बदली झाली की ते पैसे कुणाचे, यावरून गावं भांडलेली मी पाहिलीत. जमाखर्च शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहा, दर सोमवारी. किती लेकरं जेवली, काय आलं, काय गेलं. वाचणारे थोडे असतात, पण भिंतीवर लिहिलंय म्हटल्यावर शंका कमी होतात.

स्वयंपाकाला गटातल्याच बाया घ्या. दुपारच्या शाळेतल्या आहारात पहिली ते पाचवीला रोजचं 100 ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम असं सरकारी माप आहे. सकाळ-संध्याकाळच्या अंदाजाला ते धरा, पण थंडीत भाकरी जास्त जाते, तेवढं जास्तीचं दळण ठेवा. दुपारी शाळेत भात असतो म्हणून रात्री पुन्हा खिचडी टाकू नका, लेकरं कंटाळतात आणि मग आजीच्या चुलीशी जाऊन बसतात. भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. आठवड्यातून एकदा गोड.

पंगत एकच. यावर चर्चाच ठेवायची नाही. स्वयंपाक कोण करतंय यावरून एखादं घर नाक मुरडतं, आपल्या लेकराला वेगळं बसवा म्हणतं. त्यांना सांगायचं की वेगळं बसायचं असेल तर घरी जेवा. आमच्याकडं हे बोलल्यावर दोन दिवस तोंडं फुगली, तिसऱ्या दिवशी लेकरू ताट घेऊन हजर.

संध्याकाळ ते सकाळ

दिवस शाळा सांभाळते. अवघड असते ती दिवेलागणीची वेळ, कारण आईची आठवण तेव्हाच येते. त्या वेळेला लेकरं मोकळी ठेवू नका. आधी खेळ, मग अभ्यास, मग जेवण. गावातली बारावी झालेली एखादी पोरगी किंवा सून अभ्यासाला बसवा आणि तिला थोडंफार मानधन द्याच. फुकटचं काम फार दिवस टिकत नाही. लाईट जाते, तर चार्जिंगचे दिवे ठेवा. जेवण झाल्यावर गल्लीप्रमाणं गट करून लेकरं घरी सोडायची, पोरींच्या गटासोबत बाईमाणूस पाहिजेच. मग जोडघराच्या बायांनी आपापल्या घरची लेकरं पोचली का ते बघायचं आणि सकाळी वहीत हजेरी मांडायची. शाळेच्या हजेरीपेक्षा ही वही मला मोलाची वाटते.

शाळेत रात्री कुणी पुरुषमाणूस मुक्कामाला राहणार नाही हा नियम पहिल्या दिवशीच सांगून टाका, मग तो कितीही चांगला असो. लेकरानं काही वेगळं सांगितलं तर घरातल्या घरात मिटवायला जाऊ नका. 1098 हा लेकरांसाठीचा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो. तो वर्गात, स्वयंपाकाच्या खोलीत आणि पोरींच्या संडासाच्या दारावर लिहा.

आई-बापाशी बोलणं आठवड्यातून ठरवून करा. फडावर पहाटेच तोड सुरू होते आणि गाडी भरायची वेळ कुणाच्या हातात नसते, म्हणून फोन लागेलच असं नाही. त्यापेक्षा लेकराचा आवाज व्हॉट्सअॅपवर भरून पाठवा. कविता म्हणू दे, नाहीतर आज काय खाल्लं ते सांगू दे. आई कोपीत आल्यावर ऐकते, पुन्हा ऐकते. आजीला मात्र एक सांगून ठेवा: फोनवर "लई रडतंय गं" म्हणायचं नाही. हे एक वाक्य ऐकून तिकडून माणूस लेकरू न्यायला निघतो. आजारपण लपवायचं नाही, पण आधी डॉक्टरला दाखवा आणि मग काय औषध दिलं तेही सांगून कळवा.

संक्रांतीनंतर सांभाळून राहा. लग्नाला, जत्रेला गावी आलेला कुणी काका परतताना लेकरू सोबत घेऊन जातो. जोडघराच्या बाईला कळवल्याशिवाय लेकरू गावाबाहेर न्यायचं नाही, हे आई-बापाकडून जाण्याआधीच कबूल करून घ्या.

मोठ्या पोरी

आठवीच्या पुढं बहुतेक गावात शाळा नाही आणि हंगामी वसतिगृहातही जागा नाही. मग आई-बाप म्हणतात, एकटी ठेवण्यापेक्षा उजवून टाकू. लग्न झालं की दोघांचा नवा कोयता होतो आणि त्यावर उचलही मिळते. बालविवाहाविरुद्धचा कायदा 2006 चा आहे, पोरगी 18 ची आणि पोरगा 21 चा पाहिजे, आणि गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, आहे. वेळ आली तर तक्रार कराच. पण हळद लागल्यावर धावण्यापेक्षा जूनमध्येच तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज भरा. कस्तुरबा गांधी विद्यालय, समाजकल्याणचं वसतिगृह, ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठीचं संत भगवानबाबा वसतिगृह, जे जवळ असेल ते. पोरीला पोचवायला बापासोबत आईनंही जावं. झोपायची खोली आणि दाराची कडी तिनं डोळ्यांनी बघितली की तिचा जीव थाऱ्यावर येतो.

जी लेकरं जाणारच

सहा वर्षांखालची जातात, आणि ज्यांच्या घरी म्हातारं कुणी नाही तीही जातात. त्यांना रिकाम्या हातानं पाठवू नका. शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे तिथल्या जवळच्या शाळेत बसता येतं. लसीचं कार्ड आणि गरोदर बाईचं माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घाला. जातील तिथल्या अंगणवाडीत नाव नोंदवायला सांगा, तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार आणि तीन ते सहावाल्यांना गरम जेवण तिथंही मिळायला हवं. रेशन आता दुसऱ्या गावातही उचलता येतं, पण त्यासाठी कार्डावरच्या माणसांची आधार जोडणी झालेली आहे का ते निघायच्या आधीच तपासा. आणि बाप वारलेलं किंवा आई-बाप दोन्ही नसलेलं लेकरू आजीकडं असेल, तर बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. महिन्याला 2,250 रुपये मिळतात, मंजुरी बालकल्याण समिती देते.

एप्रिलात माणसं परतली की फडावर गेलेल्या लहानग्यांची वजनं पहिल्याच आठवड्यात अंगणवाडीत करून घ्या. राहिलेल्या लसी त्याच महिन्यात द्यायच्या. शाळेच्या वयाची जी परत आली त्यांना परीक्षा झाली म्हणून घरी बसवू नका, उन्हाळाभर सकाळचे दोन तास त्याच अभ्यासवाल्या पोरीकडं पाठवा. तिचं या दोन महिन्यांचं मानधन कोठीच्या हिशोबात आधीच धरून ठेवलेलं असलं पाहिजे.