बोटांच्या ओलाव्यावर वाजणारा सिंथ: पहिले दहा नग काढताना

या सिंथला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याला, कीबोर्ड नाही. पितळेच्या दोन पत्र्यांवर एकच बोट टेकवलं की कातडीचा रोध सर्किटमध्ये येतो आणि त्यावर सूर ठरतो. बोट दाबलं की सूर चढतो.

चिप सीडी४०१०६. आत सहा इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारे श्मिट ट्रिगर) असतात, आपल्याला चार पुरे. पिन १ वरून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (अंगावर १०३ छापलेला) आणि त्याला समांतर १० मेगओहमचा रोधक. पिन २ मधून ४७ किलोओहम घेऊन एक पत्रा, दुसरा पत्रा थेट पिन १ ला. हेच ३-४, ५-६ आणि ९-८ वर. उरलेल्या ११ आणि १३ ग्राउंडला बांधाच. १४ ला ९ व्होल्ट, ७ ग्राउंड, दोन्हींमध्ये चिपला चिकटून १०४ नंबरचा कपॅसिटर. चारही आउटपुट १००-१०० किलोओहममधून एकत्र आणा, पुढे १ मायक्रोफॅरड (प्लस चिपकडे), मग १० किलोओहमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायचा फिरता रोधक). पॉटची मधली तंगडी जॅकला.

बोटं सर्किटलाच लागतात, म्हणून फक्त बॅटरी. अ‍ॅडाप्टरचं भोकसुद्धा ठेवू नका.

१० मेगओहम वाचवायला गेलात तर हात न लावताही घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण चालू राहते.

पत्रे २० बाय ४० मिमी, मधली फट २ मिमी. दहा नगांना ८० लागतात, कोल्हापूरच्या उद्यमनगरातून ९० कापून घ्या. कडा कानशीने मारल्या नाहीत तर बोट कापतं. कोल्हापुरी चपलेच्या चामड्यात बॉक्स मढवायचा मोह होईल. मढवा, पण पत्र्यांखाली ३ मिमी अ‍ॅक्रिलिकच हवं. आषाढात चामडं ओल धरतं आणि सिंथ आपणहून किरकिरायला लागतो.

बोटाचा रोध १ मेगओहम असेल तर साधारण १२० हर्ट्झ, २०० किलोओहमला ५०० च्या आसपास. म्हणजे कोरड्या आणि घामट हातात दोन सप्तकांहून जास्त अंतर! पत्र्यांवर सारेगम कोरू नका, नग परत येतील. चिपाही एकाच कंपनीच्या, एकदम घ्या. इन्व्हर्टर ज्या व्होल्टेजला पलटतो ते ट्रिगरचे व्होल्टेज कंपनीगणिक सरकते. आणि हे सगळं पावसाळ्यात एकदा वाजवून बघेपर्यंत बॉक्सची ऑर्डर देऊ नका. असल्या धंद्याचं भांडवल तिथंच अडकतं.

पितळ काळवंडलं तर चिंच-मीठ नको. फटीत राहिलेलं मीठ दमट हवेत वीज वाहतं, मग सूर थांबतच नाही. सुती फडक्याने कोरडं पुसा.