वेबसाइट: ओढून-सोडून की हाताने कोड?

आधी एकच विचारा: सहा महिन्यांनी साइटवरचा मजकूर कोण बदलणार? दर आठवड्याला भाव किंवा फोटो बदलायचे असतील आणि ते काम दुकानातलाच माणूस करणार असेल, तर वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा ब्लॉक एडिटर घ्या; त्यात मजकूर-फोटोंचे तुकडे ओढून पान मांडता येतं (2018 पासून वर्डप्रेससोबत आपोआप येणारा एडिटर तोच आहे). वर्षात दोनदा हात लागणारी चार पानं असतील, तर हाताने लिहिलेलं साधं एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना) आणि सीएसएस (त्याचं दिसणं) पुरे. अपडेटची कटकट नाही, पान झटकन उघडतं.

पैसे भरण्याआधी साइट बाहेर काढता येते का, ते बघा. वेबफ्लो आणि विक्स या ओढून-सोडून साइट बनवायच्या सेवा. वेबफ्लो सशुल्क प्लॅनवर साइटचा कोड बाहेर काढू देतो. विक्सवरची साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. भाड्याच्या घरात फरशी बसवण्यासारखंच ते!

एडिटरच घेतलात तरी मराठी साइटसाठी थोडं सीएसएस शिकाच. तयार टेम्प्लेट इंग्रजी अक्षरं धरून बनवलेले असतात. त्यातल्या शीर्षकांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असलं की आपली शिरोरेषा तुटते, आणि ओळींतलं अंतर कमी असलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग 0 आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) 1.6 करून बघा.