दाखला नेमका कुठे अडतो? कोकणातल्या ग्रामपंचायतीसाठी कामाची पद्धत

ग्रामपंचायतीची सेवा सुधारायची म्हटली की आधी रंगकाम होते, नवा फलक लागतो, एखादा संगणक येतो. दाखला मात्र पूर्वीइतकाच उशिरा मिळतो, कारण उशीर कुठल्या टप्प्यावर होतो हे कुणी मोजलेलेच नसते. पुढची पद्धत सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि संगणक परिचालक यांनी मिळून वापरायची आहे. तिला पैसा फारसा लागत नाही, चिकाटी लागते.

सुरुवातीला एकच सेवा घ्या. आमची शिफारस मृत्यूच्या दाखल्याची. बँक, निवृत्तिवेतन, विमा, वारस नोंद हे सगळे त्याच्यावरच अडून असते. त्यात कोकणातले सातबारे सामाईक, एकेका उताऱ्यावर नावांची रांग. त्यातल्या एका मयताची नोंद सापडली नाही तर सगळ्या भाऊबंदांचे काम थांबते.

आवक नोंदवहीतून शेवटचे 30 अर्ज काढा. प्रत्येकासमोर पाच तारखा लिहा: अर्ज आला, कागद पूर्ण झाले, नोंद सापडली, सही झाली, दाखला अर्जदाराच्या हातात पडला. शेवटची तारीख बहुधा कुठेच लिहिलेली नसते. ती आजपासून लिहायला लागा, कारण सही होऊन टेबलाच्या खणात पडून राहिलेला दाखला अर्जदाराच्या लेखी मिळालेला नसतोच. मग दोन-दोन तारखांमधले दिवस मोजा. सहीला उशीर होतो असा सगळ्यांचा समज असतो, पण मोठा खड्डा बहुतेक वेळा पहिल्या तीन तारखांमध्ये निघतो.

पहिला खड्डा चुकीच्या दारी आलेल्या अर्जांचा. जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते, मूळ गावी नाही. सिंधुदुर्गातला रुग्ण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात गेला, किंवा मुलाकडे असताना मुंबईच्या रुग्णालयात वारला, तर नोंद तिथल्या निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे असते. गावात ती कितीही शोधली तरी सापडणार नाही. म्हणून अर्ज घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: मृत्यू घरी झाला की रुग्णालयात, आणि कुठल्या? या एका प्रश्नाने चाकरमान्यांच्या कितीतरी खेपा वाचतात.

मृत्यू घरीच झाला असेल तर 21 दिवसांच्या आत खबर द्यायची हे वाडीवाडीत माहीत असायला हवे. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. 30 दिवस उलटले की वरिष्ठांची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. तेराव्याला पाहुणे जमतात त्याआधी आशाताईंनी किंवा वॉर्डातल्या सदस्याने घरी जाऊन एवढे विचारले तरी पुढची कोर्टकचेरी टळते.

दुसरा खड्डा नोंद शोधण्याचा. जुन्या नोंदवहीत ‘बाबली’, ‘आबा’ अशी घरची नावे असतात, आडनाव नसते. आधार कार्डावर तिसरेच काहीतरी असते. त्यातून 1990च्या आधीचे साल अर्जदाराला अंदाजानेच आठवते. तेव्हा पाने उलटत बसण्यापेक्षा एकदाच सूची करा. साध्या फुलस्केप वहीत वर्ष, वाडी, वडिलांचे किंवा पतीचे नाव, नोंदीतले नाव आणि पान क्रमांक असे पाच रकाने. वाडीचा रकाना गाळू नका. एका गावात एकाच आडनावाची पन्नास घरे असतात, वाडीमुळे शोध निम्म्यावर येतो. नावात चूक आढळली तर खाडाखोड अजिबात करायची नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969च्या कलम 15 प्रमाणे निबंधकाने पुरावा पाहून समासात दुरुस्ती नोंदवायची आणि तारखेसह सही करायची.

या नोंदवह्या कायम जतन करायच्या आहेत, आणि आपल्याकडची हवा कागदाची वैरीण आहे. मृगाआधी त्या उन्हाळी हवेत उघडून झटका, पानांचे फोटो किंवा स्कॅन काढून दोन ठिकाणी ठेवा. कपाट लोखंडी हवे, भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीवरून उचललेले. ओलसर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली तर आतच बुरशी धरते.

आता पोच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. अधिसूचित (म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या) सेवेच्या प्रत्येक अर्जाला क्रमांक आणि पोच द्यावी लागते. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपील कुणाकडे ही माहिती कार्यालयात ठळक लावायची असते. पोचीवर ‘दाखला या तारखेला मिळेल’ अशी प्रत्यक्ष तारीख घाला. ‘मुदतीत मिळेल’ एवढ्यावर भागवू नका. लेखी तारखेने कर्मचाऱ्याचे काम आपोआप क्रमाला लागते आणि अर्जदाराचा रोजचा फोनही थांबतो.

मुदत चुकली किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिले अपील, त्यावर दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे, असा मार्ग आहे. सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती, म्हणजे दंड होऊ शकतो.

इथेच एक पळवाट निघते, तिच्याकडे बारीक लक्ष ठेवा. घड्याळ अर्ज घेतल्यापासून चालू होते, म्हणून अर्जच घेतला जात नाही. ‘आज सर्व्हर बंद आहे’, ‘रेंज नाही’, ‘झेरॉक्स अपुरी आहे, सोमवारी या.’ कागदावर कामगिरी शंभर टक्के दिसते आणि म्हातारी माणसे भरउन्हात घाटी चढून परत जातात. हे चालू देऊ नये. खिडकीजवळ एक परत-वही ठेवा: तारीख, नाव, कुठल्या कामासाठी, परत जाण्याचे कारण. महिन्याच्या शेवटी कारणांची बेरीज करा. एकच कागद वारंवार कमी पडत असेल तर तो खरोखर नियमात आहे का ते पाहा. कितीतरी कागद फक्त सवयीने मागितले जातात. पावसाळ्यात वीज आणि रेंज जाणारच, तेव्हा हातपोच द्या आणि लाइन आली की नोंद करा. अर्जाची तारीख मात्र पहिल्या दिवसाचीच राहील.

एका अधिकाऱ्याकडे दोन पंचायती असतील तर बसण्याचे वार ठरवून एसटी थांब्यावर लावा, आणि त्यातला एक वार आठवडा बाजाराचा ठेवा. गणपती, शिमगा आणि मे महिना हे गर्दीचे काळ आधीच ठाऊक असतात. तीन आठवडे आधी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कागदांची यादी टाका, अर्ज आधीच मागवा आणि चाकरमानी आले की फक्त वाटप करा. त्याच आठवड्यात ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (पूर्वीचे तलाठी) बोलावले तर दाखला घेऊन वारस नोंदीचा अर्ज तिथेच देता येतो. फेरफारावर (उताऱ्यावरच्या नावबदलावर) हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस असते, त्यामुळे चतुर्थीला अर्ज देऊन अनंत चतुर्दशीला उतारा मिळेल असे आश्वासन कुणालाही देऊ नका.

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. प्रत्येक सभेत चार आकडे वाचून दाखवा: आलेले अर्ज, मुदतीत दिलेले, उशिरा दिलेले, परत गेलेली माणसे. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. 1 मेच्या सभेला मुंबईकर गावात असतात, तेव्हा हा विषय त्या सभेत वरच्या क्रमांकावर घ्या.

टेबलावरच्या कागदांसाठी नवे काही शोधायची गरज नाही. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) तेव्हाचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी 1980च्या दशकात रुजवलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत आजही उत्तम चालते: आज हाताळायची प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेखात पाठवायची आणि नष्ट करायची. छोट्या कार्यालयात पहिले दोन गठ्ठे वेगळे केले तरी फरक पडतो, कारण ‘पंचायत समितीकडून उत्तर यायचे आहे’ असे कागद आजच्या कागदांत मिसळले की दोन्ही विसरले जातात. प्रतीक्षेच्या गठ्ठ्यावर दर शुक्रवारी नजर टाका आणि 15 दिवस झालेल्याला स्मरणपत्र पाठवा.

बदली झाली की सगळी घडी विस्कटते, हा सर्वत्र येणारा अनुभव. म्हणून सूचीची वही, परत-वही आणि कामाची क्रमवारी लिहिलेला एक पानी कागद या तिन्हींची नोंद पदभार यादीत करून घ्या. नव्या अधिकाऱ्याने यादीवर सही करण्यापूर्वी संगणक परिचालकाने त्यांच्यासमोर एक अर्ज सुरुवातीपासून दाखला हातात देईपर्यंत चालवून दाखवावा.